गाडीतला रेडिओ का ओरडतो?

रेडिओ खरखरू लागला की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला. त्याच्या डोक्यावर एक थाप मारायची. थापेने आवाज थांबला तर रेडिओ शहाणा, नाही थांबला तर भंगारात. घरातल्या रेडिओची ही गत, मग गाडीतल्या रेडिओची काय सांगावी? गाडी म्हटली की तिच्या मागे खर्च आला आणि खर्च म्हटला की दुकानदार सांगेल ती पूर्व दिशा. कष्टाने मिळवलेला पैसा अशा वेळी कसा आणि का जातो, याचा विचार आपल्या घरांतून फारसा होत नाही. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे एक साधा विषय मांडणार आहोत. गाडीतल्या रेडिओत नको असलेला आवाज कुठून येतो आणि तो शोधायचा कसा?

आमचे थोरले बंधू तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. हाती आलेल्या फंडातून त्यांनी जुनी सातआसनी व्हॅन घेतली. पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्हींवर चालणारी, टॅक्सी पासिंगची. थोरला पुतण्या ती चालवतो. वाणगाव स्टेशनवर लोकल आली की चिंचणीकडचे प्रवासी घ्यायचे, पहाटे कुणाच्या मिरचीच्या गोणी असतील तर त्या आणायच्या आणि रात्रीअपरात्री वस्तीत कुणी आजारी पडले तर त्याला दवाखान्यात न्यायचे. घरातली चार माणसे या एका गाडीवर जगतात. धाकटी पुतणी बारावी शास्त्र शाखेत आहे. पुढे तिला नर्सिंगला जायचे असून त्या प्रवेशासाठी वहिनींनी साडेसात हजार रुपये वेगळे काढून ठेवले आहेत.

गेल्या पावसाळ्यानंतर या गाडीचा रेडिओ ओरडायला लागला. इंजिन सुरू झाले की "कुईं" असा आवाज येई, अॅक्सिलेटर दाबला की तो चढे, सोडला की उतरे. त्यातच मध्येमध्ये टकटक. बातम्या नाहीत, हवामानाचा इशारा नाही, की गाणे नाही. प्रवासी म्हणू लागले, "अरे, बंद कर ते." पुतण्या एका दुकानात गेला. तिथे त्याला सांगण्यात आले की सेट खलास झाला आहे, नवा सेट आणि स्पीकर मिळून सात हजार लागतील. दुसऱ्या ठिकाणी सांगितले की सेट चांगला आहे, डायनॅमो गेला आहे, तो बदला. एका आवाजाची दोन निदाने झाली. दोन्हींचा खर्च मात्र वहिनींच्या त्या डब्यातूनच व्हायचा होता.

पुतण्या आमच्याकडे आला तो याच पेचात. "काका, तुम्ही हिशेबातले माणूस. सांगा, कुणाचे खरे मानू?"

आम्ही कचेरीतले कारकून, शिक्षण बी. कॉम. गाडीच्या इंजिनात आम्हाला गती नाही. पण तेरीज जुळत नसेल तेव्हा काय करायचे, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. तेरजेत फरक पडला म्हणून कुणी सगळी खातेवही फाडून नवी लिहीत नाही. एकेक नोंद ताडून पाहायची. जुळली की खूण करायची आणि पुढच्या नोंदीवर जायचे. एका वेळी एकच आकडा बदलायचा, नाहीतर फरक कशाने मिटला हे कधीच कळत नाही. गाडीलाही हाच नियम लावायचे आम्ही ठरवले. पुतणीने वहीत रकाने आखले : काय केले, आवाज राहिला की गेला, त्यावरून काय ठरले.

पण त्या वहीकडे वळण्याआधी, रेडिओ आणि गाडीचे इंजिन यांचे जुने वैर कशाचे आहे ते थोडे पाहू.

रेडिओच्या लहरी प्रथम प्रयोगशाळेत निर्माण झाल्या त्या ठिणगीतून. जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८६ ते १८८८ या काळात विजेची ठिणगी पाडून त्या लहरींचे अस्तित्व सिद्ध केले. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात अशाच लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली. म्हणजे ठिणगी हे पहिले रेडिओ केंद्र. आता पेट्रोलच्या इंजिनात काय होते? इंधन पेटवायला प्लग मिनिटाला शेकडो, हजारो वेळा ठिणगी पाडतो. त्यासाठी कॉइलमधून पंधरा-वीस हजार व्होल्टचा, कधी त्याहून जास्त दाब येतो. प्रत्येक ठिणगी आपल्या लहरी बाहेर फेकते. आकाशवाणीचे केंद्र दूर मुंबईत, आणि हे चिमुकले केंद्र एरियलपासून हात-दोन हात अंतरावर! साहजिकच जवळच्याचा आवाज मोठा ऐकू येतो.

अमेरिकेत शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी १९३० साली मोटारीत बसेल आणि सामान्य माणसाला परवडेल असा रेडिओ तयार केला व त्याला 'मोटोरोला' हे नाव दिले. त्यांच्यापुढची मोठी अडचण हीच होती. रेडिओ वाजे, पण इंजिन सुरू झाले की ठिणग्यांची टकटक गाणे खाऊन टाकी. त्या काळी रेडिओ बसवणारा कारागीर प्लगच्या तारांना अवरोधक जोडायचा, डायनॅमोवर कंडेन्सर लावायचा आणि मगच गाडी मालकाच्या हवाली करायचा. हा त्रास जगभर इतका वाढला की १९३४ साली रेडिओतल्या अडथळ्यांवर विचार करण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती कामाला लागली. तिने घालून दिलेली मोजमापे आजही पाळली जातात. आपल्याकडे वाहनांसाठी 'एआयएस ००४' या क्रमांकाचे मानक आहे आणि पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये वाहनांच्या अशा चाचण्या होतात. सांगायचा मुद्दा असा की, नवी गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिचा आवाज दाबलेला असतो. पुढे तो वाढला तर कुठे काहीतरी सुटले, गंजले किंवा चुकीचे जोडले गेले, असे समजावे.

आता वहीकडे वळू. आमची पाहणी रविवारी सकाळी झाली. गाडी उघड्यावर उभी केली. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी कधीही करू नये, धुरातला विषारी वायू वासावरून कळत नाही. गॅसचा वास येत नाही याचीही आधी खात्री करून घेतली.

पहिली नोंद. इंजिन बंद, किल्ली फक्त रेडिओपुरती फिरवलेली. रेडिओ नीट वाजला. यावरून सेट आणि स्पीकर दोन्ही जिवंत आहेत हे ठरले. सेट खलास झाला म्हणणाऱ्याचे सात हजार इथेच वाचले, असे पुतणीने समासात लिहून ठेवले.

दुसरी नोंद. इंजिन सुरू. "कुईं" हजर. आवाजाचे बटण पार शून्यावर आणले, तरी "कुईं" तेवढीच. यातून मोठी गोष्ट कळते. बटण कमी केल्यावर आवाजही कमी झाला असता, तर तो बटणाच्या आधी, म्हणजे बहुधा एरियलमधून आत आला असता. बटणाला न जुमानणारा आवाज बटणाच्या नंतर शिरतो. बहुतेक वेळा तो वीज आणणाऱ्या तारेतून नाहीतर अर्थच्या तारेतून येतो.

तिसरी नोंद. एरियलची पिन सेटच्या मागून काढली. "कुईं" तशीच राहिली, पण टकटक थांबली. म्हणजे आवाज दोन होते आणि त्यांचे रस्तेही दोन होते. टकटक एरियलवाटे येत होती, कुईं तारेवाटे. दोन दुखणी एकत्र झाली की एकाच औषधाने बरे वाटत नाही, आणि मग औषधच खोटे ठरते.

चौथी नोंद. पेनड्राइव्ह लावून गाणे वाजवले. कुईं आहेच. रेडिओ केंद्राचा तिच्याशी संबंध नाही हे पक्के झाले.

पाचवी नोंद मोबाईलच्या चार्जरची. सिगारेट-लायटरच्या भोकात खोचलेला तो स्वस्त चार्जर काढला आणि एफएमवरची बारीक सळसळ लगेच कमी झाली. अशा चार्जरमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते आणि त्याच्या लहरी बाहेर सांडतात. स्वस्तातल्या एलईडी दिव्यांचेही असेच असते. इंजिन बंद असतानाही सळसळ येत असेल, तर या दोघांकडे आधी पाहावे. पैसा न घालवता होणारी ही तपासणी आहे.

सहावी नोंद वहिनींची. त्या ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, रात्री दिवे लावले की ती जास्त रडते. आणि सेल मारताना आतला दिवा अगदी मिणमिणता होतो. मी यांना कधीचे सांगते आहे." आम्ही दिवे लावून पाहिले. खरोखरच कुईं वाढली. गाडीच्या कामात बायकांना काय कळते, असे म्हणणाऱ्यांनी ही नोंद नीट वाचावी. त्या दिवशीची सर्वांत मोलाची नोंद हीच ठरली.

दिवे लावल्यावर कुईं का वाढावी? इंजिनाबरोबर फिरणारा अल्टरनेटर, ज्याला आपण सरसकट डायनॅमो म्हणतो, तो आधी उलटसुलट वाहणारी वीज तयार करतो. त्याच्या आतले डायोड ती एका दिशेची करतात. पण ती पूर्ण सपाट होत नाही, तिच्यावर बारीक लाटा राहतात. इंजिन जोरात फिरले की लाटा जलद होतात, म्हणून आवाज चढतो. दिवे लावले की विजेची मागणी वाढते, लाटाही मोठ्या होतात. बॅटरी या लाटा बऱ्याच अंशी गिळून टाकते. पण त्यासाठी इंजिन, गाडीची बॉडी आणि बॅटरी यांच्यामधला अर्थचा रस्ता स्वच्छ हवा. तो अडला, किंवा अल्टरनेटरचा एखादा डायोड गेला, तर लाटा रेडिओत शिरतात. आता प्रश्न दोनच उरले होते : डायोड की अर्थ?

इथून पुढचे काम आमचे नव्हते. आपल्या हाताची मर्यादा ओळखून थांबणे हाही तपासणीचा भाग आहे. वस्तीतला एक तरुण आयटीआय करून गाड्यांच्या वायरिंगची कामे करतो. त्याला बोलावले. तो आला, आमची वही वाचली आणि हसून म्हणाला, "काका, अर्धे काम तुम्ही करून ठेवले आहे." त्याने मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदा व्होल्टच्या आसपास दाब होता, म्हणजे चार्जिंग ठीक. मीटरच्या दुसऱ्या तपासणीत डायोडही चांगले निघाले. मग त्याने मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी थेट इंजिनच्या लोखंडाला लावली आणि पुतण्याला सेल मारायला सांगितले. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. तो एकच्या पुढे गेला.

तरुण गाडीखाली शिरला. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी हिरवी पडली होती, तिच्या एका टोकाचा बोल्ट ढिला होता आणि खाली गंजाचा थर होता. चिंचणीचा समुद्र जवळ, रोजची खारी हवा, त्यात पावसाळ्याचे पाणी. समुद्रकाठच्या गाड्यांना हा रोग नेहमीचाच.

पण त्याने आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती पाहून दादा खाली बसले. अॅक्सिलेटरच्या केबलवरचे प्लास्टिक एका जागी मऊ होऊन चिकटले होते. सेल मारताना शंभर अँपिअरच्या वर वीज वाहते. तिला बॅटरीकडे परतायला अर्थची पट्टी सरळ मिळाली नाही तर ती मिळेल त्या लोखंडातून वाट काढते, आणि इंजिनापासून बॉडीपर्यंत येणारी केबल हे असेच एक लोखंड. एवढी वीज सोसण्यासाठी ती केबल बनवलेली नसते. ती तापते, आतून अडकते. अडकलेला अॅक्सिलेटर भर रस्त्यात सुटला नाही तर काय होईल, आणि गाडीत बाळंतपणाला निघालेली बाई असेल तर काय होईल, हे सांगायला नको. दुकानातून नवा सेट आणला असता तर तोही तसाच ओरडला असता. चिडून रेडिओच काढून टाकला असता, तर सावध करणारा आवाजच गेला असता.

नवी पट्टी, लोखंड घासून घट्ट बसवलेले बोल्ट, वर ग्रीसचा लेप आणि नवी केबल. कुईं जवळजवळ गेली. टकटकीसाठी एरियलच्या बुडाचा गंज काढून तिथलाही अर्थ नीट केला. प्लग पाहिले तर आधीच्या मालकाने साधे बसवलेले होते. त्यांच्या जागी अवरोधक असलेले प्लग घातले. अशा प्लगच्या क्रमांकात बहुधा इंग्रजी 'आर' हे अक्षर असते, आणि आतला सुमारे पाच हजार ओहमचा अवरोध ठिणगीच्या लहरी दाबतो, इंधन मात्र नीट पेटते. मजुरीसह सगळा खर्च अठराशे रुपये आला. तो पुतण्याने गाडीच्या कमाईतून भागवला. वहिनींचा डबा उघडावा लागला नाही.

गाडी डिझेलची असती तर? हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या गरम हवेनेच इंधन पेटते. म्हणून डिझेल टेम्पोच्या रेडिओत वेगाबरोबर टकटक येत असेल तर प्लगच्या नावाने पैसे मागणाऱ्याला नमस्कार करावा. वायपर लावल्यावरच खरखर येत असेल तर वायपरची मोटार पाहावी, पंखा लावल्यावर येत असेल तर पंख्याची. मोबाईल सेटजवळ ठेवल्यावर फोन येण्याआधी "टिर-टिर" होत असेल तर मोबाईल दूर ठेवावा. त्याला काही खर्च नाही.

आणि काही आवाज गाडीचे नसतातच. आमच्या भागातून पश्चिम रेल्वेची पंचवीस हजार व्होल्टची तार जाते. डहाणूला पाचशे मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे आणि तारापूरची अणुवीज तर १९६९ पासूनची. शेतांतून उच्च दाबाच्या तारा गेलेल्या आहेत. दमट पहाटे त्यांच्याखाली मध्यम लहरींवर चरचर ऐकू येते. ओळखायची खूण सोपी आहे. सुरक्षित जागी गाडी थांबवून इंजिन बंद करावे. आवाज तरीही राहिला आणि गाडी पुढे नेल्यावर गेला, तर तो बाहेरचा. त्यासाठी गाडी खोलू नये. तसेच मुंबईचे एफएम केंद्र आपल्यापासून बरेच दूर. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्याएवढ्याच जातात. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३३ साली एफएमचे पेटंट मिळवले ते खरखर घालवण्यासाठीच, पण लहर पोहोचलीच नाही तर त्या शोधाचाही इलाज चालत नाही. ती सळसळ कुणी कारागीर काढून देतो म्हणाला तर त्याला पैसे देऊ नयेत.

दोन धोक्याच्या गोष्टीही सांगून ठेवतो. इंजिन चालू असताना प्लगच्या तारांना हात लावू नये, जबर धक्का बसतो. आणि डायनॅमो चालतो का हे पाहायला चालू इंजिनावर बॅटरीची तार काढण्याची जी जुनी पद्धत आहे, ती अजिबात वापरू नये. तसे केल्याने दाब एकदम उसळतो आणि चांगला अल्टरनेटर, गाडीतला संगणक, रेडिओ, सगळेच जळू शकते. तारा सोडायच्याच असतील तर इंजिन बंद करून आधी बॅटरीची ऋण तार काढावी.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कितीतरी घरे आज रिक्षा, टेम्पो, व्हॅन यांवर उभी आहेत. कर्ज काढून गाडी येते आणि तिची भाषा कळत नाही म्हणून कमाई दुरुस्तीत जाते. दुकानदार सगळेच फसवतात असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळांना शोधायला वेळ नसतो, बदलणे सोपे पडते. शोधण्याची गरज ज्याच्या खिशाला आहे त्यानेच थोडे शोधून जावे. गाडीत शंभर पानी वही आणि पेन ठेवा. आवाज कधी येतो, कशाने वाढतो, काय काढल्यावर थांबतो, हे तारीख घालून लिहा. घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींना त्यात घ्या. बारावीच्या पुस्तकातली वीज त्यांना गाडीत दिसू द्या. बायकांनी काही सांगितले तर तेही लिहून घ्या. आणि वस्तीतला मुलगा आयटीआय होऊन आला असेल तर पहिले काम त्याला द्या, पूर्ण मजुरी देऊन. "आपलाच तर आहे" म्हणून त्याचे शंभर रुपये बुडवू नका.

आमच्या पुतणीची ती वही आता गाडीच्या कप्प्यात असते. परवा तिच्यात नवी नोंद पडली : "ब्रेक दाबला की मागे उजवीकडे बारीक घासल्याचा आवाज." या रविवारी ते पाहायचे आहे.